मोठी फाइल, छोटे तुकडे

समजा, तुमच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीची फाइल साडेनऊ अब्ज बाइटांची आहे. पेन ड्राइव्हवर ३० अब्ज बाइट जागा मोकळी आहे. तरीही संगणक ती फाइल उतरवून घेत नाही. असे का व्हावे?

पुष्कळ पेन ड्राइव्हवर माहितीची मांडणी ‘फॅट ३२’ या पद्धतीने केलेली असते. तीत फाइलचा आकार नोंदवण्यासाठी ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ यांची ३२ घरे असतात. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. याहून मोठ्या फाइलचा आकार लिहायलाच जागा नाही! म्हणून फाइलचे तुकडे करायचे.

युनिक्स प्रणालीत १९७३ सालापासून यासाठी ‘स्प्लिट’ ही आज्ञा आहे. ती आज लिनक्समध्येही मिळते. शेलच्या खिडकीत रोमन लिपीत प्रथम स्प्लिट, मग उणे चिन्ह व त्याला जोडून बी हे अक्षर, मग तुकड्याचा आकार बाइटांत आणि शेवटी फाइलचे नाव टंकावे. आकार दोन अब्ज दिला, तर चार पूर्ण तुकडे आणि दीड अब्जाचा पाचवा तुकडा मिळेल. मूळ फाइल तशीच राहते.

तुकड्यांची नावे एक्सएए, एक्सएबी, एक्सएसी अशी पडतात. १, २, ३ का नाहीत? कारण शेल नावे अक्षरक्रमाने लावतो. त्या क्रमात १० हा २ च्या आधी येतो आणि जोडणी चुकते.

स्प्लिट फक्त बाइट मोजते, मजकूर वाचत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत ‘मराठी’ या शब्दाचे म, र, काना, ठ आणि वेलांटी असे पाच घटक, प्रत्येकी ३ बाइट, एकूण १५ बाइट होतात. चार-चार बाइटांचे तुकडे केले, तर पहिल्या तुकड्यात म आणि र चा एक-तृतीयांश भाग येईल! असा तुकडा एकटा नीट वाचता येत नाही. पण क्रमाने जोडताच शब्द जसाच्या तसा उमटतो.

जोडण्याची आज्ञा ‘कॅट’. तिच्यापुढे तुकड्यांची नावे क्रमाने, मग ‘पेक्षा मोठे’ हे गणितातले चिन्ह आणि नव्या फाइलचे नाव लिहावे. मात्र मूळ फाइल लगेच पुसू नका. लिनक्समधील ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा फाइलमधील बाइटांवरून ६४ चिन्हांचा ठसा काढते. एक बाइट बदलला तरी ठसा निराळा येतो. मूळ व जोडलेल्या फाइलचे ठसे तंतोतंत जुळले, तरच काम पुरे झाले असे समजावे.

आता सांगा पाहू: याच फाइलचे दीड-दीड अब्ज बाइटांचे तुकडे केले, तर ते किती होतील, आणि शेवटचा केवढा असेल?