ग्रामसभेचा ठराव आणि ग्रामपंचायतीचा खर्च

प्रश्न : ग्रामसभेने पाण्याच्या कामाला अग्रक्रम देऊनही निधी अन्यत्र खर्च होतो, जाब कसा विचारावा?

उत्तर : ग्रामसभा, म्हणजे गावच्या मतदारयादीतील सर्व मतदारांची सभा, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ नुसार आर्थिक वर्षात किमान चार वेळा घेणे बंधनकारक असून, पुरेशा कारणाविना ती न बोलावणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. तथापि खरे बळ इतिवृत्तात, म्हणजे कामकाजाच्या अधिकृत नोंदीत असते. तोंडी होकार तेथे ठराव म्हणून उतरला नाही, तर पुढे त्याचा आधार घेणे अवघड जाते, आणि ही बाब दुर्दैवाने पुरेशा गांभीर्याने घेतली जात नाही. म्हणून ठराव व खर्चाच्या नोंदी यांच्या प्रती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागवून ताडून पाहाव्यात आणि तफावत आढळल्यास गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.