पैसे कोण देतंय, ते आधी बघा

एखादी मुलगी वर्षाला ४ लाखांच्या पगारावर नोकरीला लागली, की तिचं नाव सुचवणाऱ्या कन्सल्टन्सीला कंपनीकडून साधारण ३३ हजार रुपये मिळतात. या धंद्यातला रूढ दर वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के आहे, म्हणजे एका महिन्याचा पगार. मोठ्या कंपन्या घासाघीस करून तो खाली आणतात, माणूस मिळायला अवघड असेल तर तो वर जातो. पण देते ती कंपनीच. मुलीने एक रुपयाही द्यायचा नसतो. शिवाय ऑफर लेटर निघालं म्हणून हे पैसे हातात पडत नाहीत. मुलगी रुजू झाली की मग बिल निघतं. त्यातही बहुतेक करारांमध्ये अट असते, की ती दोन-तीन महिन्यांत सोडून गेली तर कन्सल्टन्सीने दुसरा उमेदवार फुकट द्यायचा किंवा पैसे परत करायचे.

नोकरी शोधणाऱ्या मुलांनी, आणि त्यांच्याहून जास्त काळजीत असलेल्या आईवडिलांनी, एवढा व्यवहार नीट समजून घेतला तर रिक्रूटरच्या वागण्याचा बराचसा उलगडा होतो. मुलाखतीआधी दिवसातून तीनदा फोन करणारा माणूस नकार आल्यावर गायब का होतो? कारण त्याला कंपनीसाठी माणूस शोधायचाय, आणि त्या जागेसाठी त्याला आता दुसरा शोधायला लागायचंय. याला उद्धटपणा म्हणा हवं तर, पण त्यात तुमच्या मुलाविषयी राग किंवा मत काहीच नसतं. नोटीस पिरियडमध्ये दर आठवड्याला येणारे त्याचे फोन, रुजू झाल्यावर महिन्याभराने "कसं चाललंय, काही अडचण नाही ना?" अशी मायेची चौकशी, हे सगळं त्याच हिशेबातून येतं.

पालकांची एक अडचण मी समजू शकते. वधू-वर सूचक मंडळात नाव घालताना फी भरायची, मग नोकरीच्या ठिकाणी नाव नोंदवताना का नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. हजार-दोन हजार रुपयांनी काय होतंय, मुलाचं भलं होत असेल तर देऊन टाकू. इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते.

फ्रेशर मुलांच्या बाबतीत तर एक गोष्ट जास्तच झोंबणारी आहे, आणि ती कोणी स्पष्ट सांगत नाही. ज्या मुलाला अनुभव नाही, त्याच्यासाठी कंपनी कन्सल्टन्सीला सहसा पैसे देत नाही. कशाला देईल? एका जागेसाठी कॅम्पसवर रांग लागते, वॉक-इनची जाहिरात टाकली तर गेटवर गर्दी होते. मग पुण्यात किंवा नागपुरात पाटी लावून फ्रेशर्सना बोलावणारी एखादी कन्सल्टन्सी जगते कशावर? कंपनीकडून पैसे येत नसतील तर ते मुलाकडून येत असणार. कुठे त्याला 'रजिस्ट्रेशन' म्हणतात, कुठे 'प्रोसेसिंग'. सगळ्यात महाग प्रकार म्हणजे 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाला कोर्स: आधी मुलाखतीचा देखावा, मग "तुझ्यात क्षमता आहे, पण स्किल कमी पडतंय", मग तीन महिन्यांचं ट्रेनिंग, आणि फी हप्त्यांत, म्हणजे वडिलांच्या नावावर कर्ज. सगळे क्लास असे नसतात. चांगला क्लास शिकवण्याचे पैसे घेतो आणि तसं सांगतो. नोकरीच्या नावाने बोलावून क्लास गळ्यात मारणारा वेगळा. मागच्या बॅचमधली दोन-तीन मुलं कुठल्या कंपनीत, कोणत्या पदावर आहेत ते विचारा आणि त्यांच्याशी थेट बोलून बघा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली की उठून बाहेर या.

मग फ्रेशरने जायचं कुठे? कॉलेजचं प्लेसमेंट, कंपनीच्या वेबसाइटवरचं करिअरचं पान, आणि ओळखीतल्या नोकरदाराकडून रेफरल, या तिन्ही वाटा बिनपैशाच्या आहेत. रेफरलची मराठी घरांत उगाच लाज वाटते, 'वशिला' म्हणून. पण बऱ्याच कंपन्या स्वतःहून कर्मचाऱ्यांना म्हणतात की तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर सुचवा, आणि तो माणूस लागला तर सुचवणाऱ्याला बक्षीस देतात. मुलाखत तर सगळ्यांसारखीच द्यावी लागते. सरकारी बाजूला केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे. राज्याचं महास्वयं पोर्टल आहे. जुन्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं काम आता तिथे चालतं आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथेच मिळते. मला स्वतःला सगळ्यात दुर्लक्षित वाटते ती अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्याखाली चालणारी ही व्यवस्था म्हणजे फक्त आयटीआयवाल्यांसाठी, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात पदवी किंवा डिप्लोमा नुकताच संपवलेल्यांसाठी 'नॅट्स' नावाचं वेगळं पोर्टल आहे. चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा पट्ट्यातल्या कारखान्यात स्टायपेंडवर वर्षभर काढलेला मुलगा बाहेर पडतो तेव्हा त्याच्या सीव्हीवर 'फ्रेशर' लिहावं लागत नाही. घरात मात्र "इंजिनिअर होऊन अप्रेंटिस?" असा सूर निघतो. तो आवरा.

आता ऑनलाइन प्रोफाइलकडे येऊ. १९९७ साली नोकरी डॉट कॉम सुरू झालं तेव्हा बुधवारच्या पेपरातल्या जाहिराती पडद्यावर आल्या, एवढंच लोकांना दिसलं. जाहिरात बघून अर्ज करायचा ही सवय तशीच राहिली. पण अशा साइटवर रिक्रूटर अर्जांची वाट बघत बसत नाही. तो पैसे भरून उमेदवारांच्या साठ्यात स्वतः शोध घेतो. शब्द टाकतो, शहर टाकतो, अनुभव, पगार, नोटीस पिरियड टाकतो, आणि बऱ्याचदा गेल्या महिना-पंधरा दिवसांत लॉगिन केलेले लोकच दाखव असं सांगतो. त्यातून जी काही नावं येतात त्यातल्या वरच्या काहींना फोन जातो.

सांगलीची बीकॉम झालेली मुलगी घ्या. तिने लिहिलंय: कष्टाळू, जिद्दी, कंपनीच्या प्रगतीत वाटा उचलण्यास उत्सुक. अकाउंट्स असिस्टंट शोधणारा रिक्रूटर 'कष्टाळू' हा शब्द कधीच टाकत नाही. तो टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, टीडीएस, ई-वे बिल, बँक रिकन्सिलिएशन असं टाकतो. या मुलीने काकांच्या दुकानाचे जीएसटी रिटर्न वर्षभर भरलेत, पण 'ते काय घरचंच काम' म्हणून लिहिलेलं नाही. तसंच डिप्लोमा मेकॅनिकलच्या मुलाचं. 'प्रॉडक्शनमध्ये रस' लिहिण्यापेक्षा व्हीएमसी, फानुक कंट्रोल, ड्रॉइंग रीडिंग, व्हर्निअर-मायक्रोमीटर, जे खरोखर हाताळलंय ते त्याच शब्दांत लिहा. जाहिरातीतला शब्द आणि तुमचा शब्द एकच हवा. न केलेलं मात्र घुसडू नका. फोनवरच्या दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

शहराचं खातंही नीट भरा. पत्ता लातूरचा आणि पसंतीचं शहर रिकामं असेल तर पुण्याच्या शोधात तुम्ही येणारच नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून एखादी ओळ सुधारली तरी प्रोफाइल ताजं दिसतं. नंबर स्वतःचा द्या, बाबांचा नको. सीव्हीच्या फाइलबद्दल एवढंच, की रंगीत दोन रकान्यांचे, कौशल्यापुढे चार-पाच तारे काढलेले नमुने दिसायला झकास असतात, पण कंपनीचं सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उलटासुलटा वाचतं. कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ तर बऱ्याचदा वाचलीच जात नाही. साधं एक पान पुरे. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार नंबर आणि तळाशी 'वरील माहिती सत्य आहे' ही प्रतिज्ञा, यातलं काहीही लागत नाही.

ऑनलाइन अर्जांना उत्तर येत नाही ही तक्रार खरी आहे. काही जाहिराती जागा भरल्यावरही तशाच पडून असतात, काही नुसते सीव्ही गोळा करून ठेवण्यासाठी टाकलेल्या असतात. महिन्याभरापूर्वीच्या जाहिरातीवर रात्र घालवू नका. एका बटणावर पन्नास ठिकाणी अर्ज गेल्याचं समाधान फसवं असतं. जिथे तुमचे शब्द जुळतात अशा पाच ठिकाणी नीट केलेला अर्ज जास्त पुढे जातो.

मग एक दिवस फोन येतो. रिक्रूटर पाच-दहा मिनिटं बोलतो: सध्या कुठे आहात, केव्हा रुजू व्हाल, किती अपेक्षा. ही मुलाखत नव्हे, चाळणी आहे. उत्तरं छोटी आणि खरी द्या. तुम्हीही विचारा. नोकरी कंपनीच्या पेरोलवर की थर्ड पार्टीच्या? ठिकाण नक्की कुठलं, शिफ्ट कोणत्या? "क्लायंटचं नाव आत्ता सांगता येणार नाही" हे सुरुवातीला ऐकून घ्या, तुम्ही परस्पर अर्ज कराल ही त्याची भीती असते. पण सीव्ही पुढे पाठवण्याआधी कंपनीचं नाव आणि पद ईमेलवर मागून घ्याच. कारण एकाच मुलाचा सीव्ही दोन कन्सल्टन्सींकडून एकाच कंपनीत पोचला, तर फी कोणाची या भांडणात न पडता काही कंपन्या त्या मुलालाच बाजूला ठेवतात. मुलाला कळतही नाही, तो आपली मुलाखत वाईट झाली असेल म्हणून झुरत बसतो.

या फोनवर पालकांनी बोलू नये. वडिलांनी रिक्रूटरला फोन करून "जरा लक्ष असू द्या" म्हटलं की मुलाच्या नावापुढे जी नोंद होते ती त्याच्या फायद्याची नसते.

पालकांची गरज लागते ती ऑफरचा कागद आल्यावर. ४ लाख भागिले १२ म्हणजे महिना ३३ हजार, असा हिशेब करून नातेवाइकांत पेढे वाटून झालेले असतात. सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चात, काय काय धरलंय ते बघा. समजा बेसिक निम्मा, म्हणजे २ लाख. कंपनीने भरायचा पीएफ १२ टक्क्यांनी २४ हजार, ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे साडेनऊ हजारांच्या वर, आणि १० टक्के व्हेरिएबल धरलं तर आणखी ४० हजार. ते मिळेल तेव्हा खरं. उरलेल्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ २४ हजार आणि प्रोफेशन टॅक्सचे अडीच हजार जातात. हातात महिन्याला साधारण २५ हजार पडतात. फसवणूक नाही ही, कागदावर सगळं लिहिलेलं असतं. पुण्यात खोलीचं भाडं भरायला त्यातलेच पैसे लागणार आहेत, म्हणून आधी मांडून बघायचं.

दुसरा कागद बाँडचा. 'बाँड कोर्टात टिकत नाही' असं कट्ट्यावर छातीठोकपणे सांगतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तिथे सरकारी बँकेच्या भरतीचा खर्च आणि पद्धत यांचा विचार झाला होता. कुठल्याही कंपनीचा कसलाही बाँड त्यामुळे आपोआप वैध होत नाही. पण 'सही कर, पुढचं पुढे' हा सल्ला आता देऊ नका. आणि मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात ठेवायची नाही. 'बघा, झेरॉक्स घ्या, परत द्या' असं सांगायचं.

उघड लबाडीबद्दल फार लिहीत नाही, रोज पेपरात येतं. लॅपटॉपचं डिपॉझिट, गेटपासचे पैसे, टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे दीडशे रुपये आणि मग 'मोठ्या टास्क'साठी भरणा: पैशाची दिशा उलटी झाली की समजायचं. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

परदेशाचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण तिथे एजंटाने काही पैसे घेणं कायद्याला मान्य आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे एजंट नोंदणीकृत हवा, त्याची फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी, आणि त्याची पावती मिळायला हवी. नाव ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्या घरांना हे ठाऊक असतं, पण थायलंडमध्ये 'डेटा एंट्री'ची नोकरी म्हणून निघालेल्या मुलांच्या घरी हे कोणी विचारलेलं नसतं. अशा खोट्या ऑफरवर जाऊन म्यानमार सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. बोटीवरच्या नोकरीचा नियम तर आणखी कडक आहे: खलाशाकडून नोकरी मिळवून देण्याचे पैसे घेताच येत नाहीत, आणि भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना लागतो. नवी मुंबईतल्या एखाद्या ऑफिसात "जॉइनिंगचे ३ लाख" मागणाऱ्याला परवान्याचा नंबर विचारा.

दोन ऑफर हातात असतील आणि एक नाकारायची असेल, तर रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करून ठेवू नका. ही पद्धत आता इतकी पसरलीय की रिक्रूटर मंडळी तिला गृहीत धरून चालतात, आणि अशा उमेदवाराची नोंद कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं राहते. दोन ओळींचा ईमेल, आठवडाभर आधी: दुसरीकडे जात आहे, वेळ दिल्याबद्दल आभार. तुमच्या एका महिन्याच्या पगाराएवढ्या रिक्रूटरच्या फीवर पाणी पडतं, त्यामुळे तो फोनवर चिडेल. ऐकून घ्यायचं.