कॅनिस्टर फिल्टर बसवताना

काच चकचकीत, पाणी नितळ, आणि तरी सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात. सेकंड इयरच्या सुट्टीत घरच्या टाकीतले माझे ११ गप्पी चार दिवसांत असेच गेले. चूक माझीच. फिल्टर नळाखाली धरून मी लख्ख धुतला होता!

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू राहतात मुख्यतः फिल्टरमधल्या स्पंजला आणि सिरॅमिक रिंगांना चिकटून. म्हणजे फिल्टर नुसती गाळणी नाही, जिवाणूंचं होस्टेल आहे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने मी ते रिकामं केलं.

आता बसवायचा कसा ते पाहू.

१) क्षमता : ३ × १ × सव्वा फुटाच्या टाकीत साधारण १०० लिटर पाणी मावतं. तासाला त्याच्या ४ ते ६ पट, म्हणजे ४०० ते ६०० लिटर प्रवाह हवा. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो, तेव्हा थोडा मोठाच घ्या.

२) जागा : डबा टाकीच्या खाली, सरळ उभा. "पंपाला एवढं पाणी वर चढवावं लागणार ना?" नाही! दोन्ही नळ्या भरलेल्या आणि दोन्ही टोकं पाण्यात असली की उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलून धरतं. पंप झगडतो फक्त घर्षणाशी. म्हणून नळ्या आखूड ठेवा, वळणं कमी ठेवा.

३) थर : पाणी जाईल त्या क्रमाने आधी जाड स्पंज, मग रिंगा, शेवटी बारीक फिल्टर वूल. उलटं केलंत तर वूल लगेच तुंबतं.

४) सील : झाकणाची रबरी रिंग पुसून नीट बसवा. वाळूचा एक कण अडकला तरी गळती. पहिली रात्र डबा परातीत ठेवा.

५) सुरुवात : डबा पाण्याने भरा, दोन्ही व्हॉल्व्ह उघडा, हवा निघू द्या, मगच स्विच. पंप कोरडा चालवू नका.

६) वायर : सॉकेटच्या खाली लोंबेल इतकी सैल सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत जात नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

फिल्टर चालू झाला म्हणून लगेच मासे सोडायचे नाहीत. रोज चिमूटभर खाद्य टाका, टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया आधी वाढतो, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. मग थोडे-थोडे मासे आणा.

साफसफाई टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत करा. आणि सगळे थर एकाच दिवशी कधीच धुऊ नका. वीज बरेच तास गेली तर बंद डब्यातला ऑक्सिजन संपून जिवाणू मरू लागतात. अशा वेळी डब्यातलं सडकं पाणी ओतून देऊनच फिल्टर चालू करा, नाहीतर ती घाण थेट माशांवर जाते.

नवीन गप्पी आणायला मला दीड महिना थांबावं लागलं. आई रोज विचारायची, "अरे, रिकामी टाकी कशाला चालवतोस?" रिकामी कुठे होती ती? दिसत नव्हते, एवढंच.