ताप लपवायची वेळ कुणावर येऊ नये

स्टाफ गेटवर सिक्युरिटीवाला कपाळासमोर थर्मल गन धरायचा आणि आकडा नॉर्मल यायचा, कारण अंगात कणकण असलेली पोरं तापाची गोळी घेऊनच ड्यूटीवर यायची. कोविडच्या काळात मुंबईत विमानतळाजवळच्या एका हॉटेलात मी हाऊसकीपिंग सुपरवायझर होते. माझ्या फ्लोअरवरच्या एका रूम बॉयने असाच ताप अंगावर काढला. स्टाफच्या झोपायच्या खोलीत, ज्याला आम्ही बंकर म्हणतो, तिथे त्याच्या शेजारी झोपणारी पोरंही पाठोपाठ पॉझिटिव्ह निघाली, आणि त्याला स्वतःला ऑक्सिजन लावावा लागला. तो बरा झाला. परत आल्यावर मी विचारलं, "अरे, एका शब्दाने सांगायचं नाहीस?" तर म्हणाला, "मॅडम, सांगितलं असतं तर खाडा पडला असता. घरी पैसे कुठून पाठवले असते?"

तो ठेकेदाराचा माणूस. त्याच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, रक्कम कापली जात होती, पण त्या बदल्यात आपल्याला काय मिळतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्गणीच्या सहा महिन्यांत ७८ दिवस भरले असतील आणि ईएसआयच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल, तर आजारपणाच्या रजेत सरासरी रोजाच्या ७० टक्के पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. एवढं माहीत असतं तर त्या पोराने गोळी घेऊन दहा-दहा खोल्या केल्या नसत्या. हॉटेलात काम करणाऱ्या प्रत्येकाला मला पहिली गोष्ट हीच सांगायची आहे. पगाराची स्लिप मागा. त्यात पीएफ, ईएसआयसी कापलं जातं का ते बघा, आणि कापलं जात असेल तर आपला नंबर स्वतःकडे लिहून ठेवा. ठेकेदार बदलतात, त्यांचे फोन बंद होतात, नंबर मात्र आपलाच राहतो.

२५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि आमचं हॉटेल आठवड्याभरात रिकामं झालं. निम्मी पोरं मिळेल त्या वाटेने गावी गेली. मे महिन्यात 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, परदेशातून येणाऱ्यांना ठेवायला खोल्या लागल्या आणि जे मागे राहिले होते त्यांच्या अंगावर सगळं काम आलं. जेवणाचा डबा दारापुढच्या खुर्चीवर ठेवायचा, दार वाजवायचं, मागे सरायचं. पाहुणे घाबरलेले आणि चिडलेले. विलगीकरणाचा खर्च स्वतःच्या खिशातून, आणि समोर बोलायला फक्त आम्ही. आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात की पाहुण्यासमोर चेहरा पडता कामा नये. मास्कच्या आड चेहरा दिसत नव्हता, पण ती सवय आतपर्यंत गेलेली असते. माणूस मग मित्रासमोर, बायकोसमोरही "सब ठीक" म्हणत राहतो.

टेलिफोन बोर्डवर आमची एक मुलगी होती, विशीतली. एका रात्री आखातातून आलेल्या पाहुण्याचा फोन आला. त्याचे वडील गावी वारले होते आणि त्याला खोलीतून बाहेर पडता येत नव्हतं. मोबाइलवर त्याने अंत्यविधी बघितला आणि मग बोर्डचा शून्य दाबून तो कितीतरी वेळ रडत राहिला. तिने फोन ठेवला नाही, ऐकून घेतलं. तिच्या जागी मी असते तर मला ते जमलं असतं की नाही, कोण जाणे. फोन संपला आणि लगेच पुढचा दिवा लागला, कुणाला गरम पाणी हवं होतं. तिने तेही नोंदवलं. पुढच्या आठवड्यात घंटी वाजली की तिचे हात थरथरायला लागले.

अशा फोननंतर माणसाला तिथून उठवायला हवं. निदान अर्धा तास बोर्डवर दुसऱ्या कुणीतरी बसावं, तिला चहा द्यावा, काय झालं ते बोलायचं असेल तर ऐकावं, नसेल बोलायचं तर गप्प बसू द्यावं. याला पैसे लागत नाहीत, पण ड्यूटी चार्टमध्ये एक माणूस जास्तीचा धरावा लागतो. कॉस्ट कटिंग सुरू झालं की पहिली कात्री त्यालाच लागते, आणि म्हणून मॅनेजर मंडळींनी तिथेच हट्ट धरायला हवा. झोप उडाली, जेवण जाईना, हात थरथरायला लागले, तर ते कुणाला तरी सांगायचं. त्यात भित्रेपणा नाही. आता १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, कधीही लावता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

साफसफाई करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी परत परत सांगत आले आहे. हायपोक्लोराइट आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करायचं नाही. दोन्ही मिळून जास्त जंतू मरतील, या समजुतीने आमच्याकडच्या एकाने बंद बाथरूममध्ये बादलीत दोन्ही ओतलं. क्लोरीन वायू सुटला. तो खोकत बाहेर पळाला म्हणून निभावलं. आणि पीपीई किटचं सांगायचं तर, एसी बंद केलेल्या मजल्यावर ते अंगात घालून तासन् तास काम करणं म्हणजे भट्टीपुढे उभं राहणं. किट वाया जाऊ नये म्हणून बायका पाणी पीत नसत. पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. किट कितीही महाग असो, मधल्या सुट्टीनंतर नवं मिळालं पाहिजे, आणि सॅनिटरी पॅड लेडीज लॉकरमध्ये कायम ठेवलेले असले पाहिजेत, मागायची वेळ येऊ नये.

ऑक्टोबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने रेस्टॉरंट उघडली, पोरं गावाहून परत आली, खोल्यांचं डिपॉझिट भरून बसली, आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा शटर खाली. पहिल्यापेक्षा या दुसऱ्या खेपेने माणसं जास्त खचली, कारण गाठीचे पैसे तोवर संपले होते. पीएफमधून तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातली कमी असेल ती रक्कम काढायची सवलत सरकारने दिली होती, पण कितीतरी अर्ज फेटाळले गेले. आधारवर एक नाव, पीएफमध्ये दुसरं. कुठे जन्मतारीख वेगळी, कुठे ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही. हे दुरुस्त करायला वेळ लागतो आणि पुढचं संकट आल्यावर तो वेळ मिळत नाही. हॉटेल चालू आहे, एचआरचा माणूस समोर बसलेला आहे, तेव्हाच मागे लागून करून घ्या. नोकरी गेली तर ईएसआयसीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवसांपर्यंत अर्धा पगार मिळण्याची तरतूदही त्या काळात केली होती. तिची अट किमान दोन वर्षं विमाधारक असण्याची होती. मधले महिने ठेकेदाराने भरले नसतील, तर अशा ठिकाणी गाडं अडतं.

आमच्या पँट्रीतले एक काका दुसऱ्या लाटेत गेले. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफला जोडलेल्या विम्यातून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. काकांच्या नॉमिनीच्या रकान्यात त्यांच्या वडिलांचं नाव होतं, लग्नाआधी भरलेलं, आणि वडील केव्हाच वारले होते. लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द धरलं जातं, ते नव्याने भरावं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. काकू दोन लेकरांना घेऊन कागदांसाठी किती खेपा घालत होत्या, ते मी पाहिलं आहे. पीएफच्या पोर्टलवर आता ई-नॉमिनेशन मोबाइलवरून होतं. आधार नंबर, फोटो आणि बँकेचा तपशील जवळ ठेवा, आणि बायकोचं, मुलांचं नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर लिहा.