उन्हाळ्यातील केदारयात्रा : वाट, बर्फ आणि पूर्वतयारी

चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटातून कावडी वर चढल्या आणि श्री क्षेत्र शिखर शिंगणापूरची यात्रा पार पडली, की सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक शिवभक्तांना उत्तरेचे वेध लागतात. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, शेतीची कामे काहीशी उरकलेली असतात आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास श्री केदारनाथ मंदिराचे द्वार उघडते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी सर्वांत उंचावरील या स्थानाचे दर्शन आयुष्यात एकदा तरी घडावे, अशी सर्वांचीच मनोकामना असते. सांगली, मिरज, जत या भागांतील वीरशैव लिंगायत कुटुंबांचे तर केदाराशी परंपरेचेच नाते आहे. वीरशैवांच्या पंचपीठांपैकी एक पीठ केदाराचे असून मंदिराचे रावळही त्याच परंपरेतील असतात.

मिरज, सांगली किंवा साताऱ्याहून निघताना पारा चाळिशीच्या आसपास असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच यात्रेकरू बर्फाच्या दोन भिंतींमधून चालत असतो. हा बदल ध्यानात न घेता केलेली यात्रा जिवावर बेतू शकते. तरी यात्रेकरूंच्या माहितीसाठी वाटेचे, बर्फाचे व आवश्यक तयारीचे विवेचन पुढे दिले आहे.

सह्याद्रीचा सराव आणि हिमालयाची उंची

आपल्या भागातील भाविक डोंगर चढण्यात मागे नाहीत. यवतेश्वर, जरंडेश्वर, पाटेश्वर ही स्थाने पायी करणारे अनेक जण आहेत. मुंगी घाटाच्या उभ्या चढणीवर दोरखंडाच्या आणि एकमेकांच्या हातांच्या आधाराने कावडी वर नेणाऱ्यांच्या बळाविषयी तर शंकाच नाही. परंतु हे बळ ज्या उंचीवर कमावलेले असते, ती उंची लक्षात घेणे अगत्याचे आहे.

सांगली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर व सातारा सुमारे सातशे मीटर उंचीवर आहे. शिखर शिंगणापूर सुमारे एक हजार मीटर, तर महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटर उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर आहे. केदारनाथची पायवाट जेथून सुरू होते ते गौरीकुंड सुमारे 1,980 मीटरवर आहे आणि मंदिर 3,583 मीटरवर. म्हणजे आपल्या राज्यातील सर्वांत उंच माथ्याच्याही वर केदारयात्रेची पहिली पायरी आहे आणि तेथून पुढे आणखी सोळाशे मीटरांची चढण आहे.

या उंचीवर हवा विरळ होते. साताऱ्यात हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे 92 टक्के असतो, तर केदारनाथ येथे तो सुमारे 65 टक्क्यांवर येतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. पायांचा सराव कितीही असला तरी शरीराला या हवेची सवय होण्यास काही दिवस लागतात. धडधाकट तरुणालाही उंचीचा त्रास होतो, किंबहुना वेगाने चढण्याच्या नादात त्यालाच तो लवकर होण्याचा संभव असतो.

तिथी आणि बर्फ

मंदिर उघडण्याचा दिवस महाशिवरात्रीला उखीमठ येथील ओंकारेश्वर मंदिरात जाहीर केला जातो. हिवाळ्यात श्रींची पूजा तेथेच होते. भाऊबीजेला केदारनाथचे द्वार बंद होते. उघडण्याचा दिवस पंचांगानुसार ठरत असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी मागे-पुढे सरकते. 2023 साली द्वार 25 एप्रिलला उघडले, 2024 साली 10 मे रोजी, तर 2025 साली 2 मे रोजी. पंधरा दिवसांचा हा फरक किरकोळ वाटला तरी डोंगरावरील बर्फाच्या दृष्टीने तो मोठा आहे. बर्फ ऋतुमानाप्रमाणे वितळतो, तिथीप्रमाणे नव्हे. अधिक मासाच्या आदल्या किंवा त्याच वर्षी तिथी लवकर आली, तर पहिल्या पंधरवड्यात वाटेवर अधिक बर्फ सापडण्याची शक्यता असते.

2023 चा अनुभव बोलका आहे. त्या वर्षी द्वार उघडल्यानंतरही हिमवृष्टी होत राहिली, यात्रेकरूंची नोंदणी काही दिवस थांबवावी लागली आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वरच्या भागात बर्फाचे कडे घसरून वाट बंद झाली. त्यामुळे पहिल्याच दिवशी दर्शन घेण्याचा आग्रह नसेल, तर मे महिन्याचा उत्तरार्ध पायी जाणाऱ्यांना अधिक सोयीचा ठरतो. तथापि जूनच्या मध्यानंतर पावसाचे भय सुरू होते, हेही विसरू नये.

वाटेचे स्वरूप

16 व 17 जून 2013 रोजी अतिवृष्टी झाली आणि मंदिराच्या वरील चोराबाडी तलाव फुटला. त्या महापुरात हजारो जीव गेले. रामबाडा ही वस्ती नाहीशी झाली आणि त्यापुढील जुनी वाट वाहून गेली. त्यानंतर मंदाकिनीच्या दुसऱ्या तीरावरून नवी वाट काढण्यात आली. पूर्वी 14 किलोमीटरचे असलेले अंतर आता 16 ते 18 किलोमीटर भरते.

गौरीकुंडाहून निघाल्यावर जंगलचट्टी व भीमबली हे पहिले टप्पे लागतात. येथवर झाडी असून उन्हाळ्यात सहसा बर्फ नसतो. रामबाड्याजवळ पूल ओलांडल्यावर खरी चढण सुरू होते. छोटी लिंचोली, बडी लिंचोली, छानी कॅम्प, रुद्रा पॉइंट असे करत वाट केदारपुरीत पोहोचते. लिंचोलीच्या पुढे थारू, कुबेर, भैरव असे गदेरे लागतात. गदेरा म्हणजे डोंगरावरून उतरणारा ओढा. हिवाळ्यात याच घळींतून हिमस्खलन होते व साचलेला बर्फ उन्हाळ्यातही टिकून राहतो. मजूर तो फावड्यांनी कापून वाट मोकळी करतात. दोन्ही बाजूंस बर्फाच्या भिंती आणि मधून ओली, अरुंद वाट असे तेथील दृश्य असते.

अशा घळीत थांबू नये, छायाचित्रे काढत रेंगाळू नये. बर्फाच्या भिंतीला टेकू नये. ओढ्यावर साचलेला बर्फ पुलासारखा दिसतो. खालून पाणी वाहत असल्याने तो आतून पोकळ झालेला असतो, म्हणून त्यावर पाय देऊ नये. खेचरे येताना दिसली की नेहमी डोंगराच्या बाजूस उभे राहावे, दरीच्या बाजूस कधीही नाही.

अरुंद व निसरड्या वाटेवरील गर्दी काय करू शकते, हे सातारा जिल्ह्याने 25 जानेवारी 2005 रोजी मांढरदेवी येथे पाहिले आहे. नारळाच्या पाण्याने ओल्या झालेल्या पायऱ्या व दाटलेली गर्दी यांतून झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. बर्फाळ वाटेवर पुढच्याला ढकलणे, रांग मोडणे किंवा उतारावर धावणे हे तितकेच घातक आहे.

बर्फाचा दिवसक्रम

बर्फाची स्थिती दिवसभर बदलत असते. रात्री गोठल्यामुळे पहाटे तो टणक व काचेसारखा गुळगुळीत असतो. दुपारी उन्हाने मऊ होतो, पाय रुततो आणि याच वेळी घळींतून बर्फ घसरण्याचा धोका वाढतो. दुपारनंतर ढग भरून येतात व पाऊस, गारा किंवा हिमवर्षाव सुरू होतो. म्हणून गौरीकुंडाहून पहाटे चार-पाच वाजता निघावे. त्यामुळे लिंचोलीपर्यंतचा बर्फविरहित टप्पा सकाळीच पार पडतो आणि हवा बिघडण्यापूर्वी मुक्काम गाठता येतो. प्रशासनाने थांबण्यास सांगितल्यास वाद न घालता थांबावे.

तळाला खोल खाचा असलेले बूट, लोखंडी टोकाची काठी, लोकरीचे कपडे, हातमोजे, कानटोपी, रेनकोट व काळा चष्मा प्रत्येकाजवळ असावा. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळ्यांना तीव्र इजा होते. सुती कपडे भिजले की अंगातील ऊब काढून घेतात. पायमोज्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत राखून ठेवावा.

विरळ हवेचा त्रास

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरील वासना जाणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे होत. ती दिसल्यास आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी रुग्णाला विनाविलंब खाली उतरवावे. प्राणवायूचा सिलिंडर मिळाल्यास लावावा, परंतु त्यासाठी उतरणे लांबवू नये. वाटेवरील वैद्यकीय केंद्रांची मदत घ्यावी.

उत्तम उपाय म्हणजे घाई टाळणे. एक रात्र गुप्तकाशी येथे व एक रात्र सोनप्रयाग अथवा गौरीकुंड येथे काढून मग चढावे. हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे, कारण ते काही मिनिटांत दोन हजारांहून अधिक मीटर वर पोहोचतात. त्यांनी दर्शन घेऊन त्याच दिवशी परतणे श्रेयस्कर. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह वा दमा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी व नेहमीची औषधे अंगावरील पिशवीत ठेवावीत, खेचरावरील सामानात नव्हे. उंचीच्या त्रासावरील ॲसिटाझोलामाइड हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊ नये.

नवस, उपवास आणि अनवाणी चालणे

शिंगणापूरचा डोंगर अनेक भाविक अनवाणी चढतात. तोच नवस केदाराच्या वाटेवर बोलू नये. बर्फावर अनवाणी चालल्यास हिमदंश होऊन बोटे गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो. सोमवारी निर्जळी उपवास करून चढणेही टाळावे. थंडीत तहान लागत नाही, तरी शरीरातील पाणी श्वासावाटे कमी होत असते. थोड्या थोड्या वेळाने कोमट पाणी प्यावे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू असे काही खात राहावे. ज्यांचे व्रत मोडणे शक्य नाही त्यांनी चढण्यासाठी दुसरा वार निवडावा.

दात्यांस विनंती

गावातील एखाद्या वृद्ध दांपत्यास स्वखर्चाने केदारयात्रा घडविणारे दाते आपल्या भागात आहेत. हे पुण्यकर्म आहेच. मात्र अशी यात्रा बहुधा कमीत कमी दिवसांत बसविली जाते. ऋषिकेशहून निघून दुसऱ्याच दिवशी चढाई, अशा आखणीत खर्च वाचतो, पण थकलेल्या शरीराला सवय होण्यास अवधी मिळत नाही. दात्यांनी प्रवासखर्चाबरोबर दोन जादा मुक्काम, एक जोड चांगले बूट, लोकरी कपडे आणि परतीच्या डोलीचे पैसे यांचीही तरतूद करावी. सोबत एक जाणता तरुण द्यावा आणि 'त्रास झाल्यास दर्शनाविना परत या, यात्रा पुन्हा घडवू', असे निघतानाच स्पष्ट सांगावे. दुसऱ्याच्या पैशाने आलो आहोत, आता माघारी कसे फिरावे, या संकोचापायी वृद्ध माणसे त्रास लपवितात. दात्याच्या या एका शब्दाने तो संकोच दूर होतो.

गौरीकुंडातून अर्ध्या वाटेवरून परतलेल्या भाविकाची यात्रा निष्फळ ठरत नाही. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव आणि केदाराचा स्वामी एकच आहेत. बर्फ ओसरल्यावर, प्रकृती सुधारल्यावर पुन्हा जाता येते. यात्रेकरूंनी नोंदणी करून, हवामानाचा अंदाज पाहून, एकमेकांची सोबत न सोडता जावे आणि सुखरूप घरी परतावे.

॥ हर हर महादेव ॥