भीमाकाठचे पक्षी

भीमा नदी सह्याद्रीत भीमाशंकरी उगम पावते. तेथील दाट अरण्यात, खळाळत्या ओढ्यांच्या काठी शीळकरी कस्तूर मंजुळ शीळ घालतो. सोलापूर जिल्ह्यात नदीचे पात्र रुंद होते आणि पक्षीही पालटतात. खंड्या फांदीवर टपून बसतो. कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबतो व मासळीवर सूर मारतो. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या उथळ काठांवर रोहित पक्षी वाकड्या चोचीने चिखलपाणी गाळून अन्न मिळवितात. हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंबही येतात.

नदीसुरय मात्र घरटे विणीत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की वाळूत खळगा करून मादी अंडी घालते. ती वाळूसारखीच दिसतात, म्हणून शत्रूला चटकन सापडत नाहीत. परंतु माणसालाही दिसत नाहीत! वाळूचा उपसा झाला किंवा पाणी अवचित चढले, तर सारी वीण नष्ट होते. मुलांनो, उन्हाळ्यात वाळवंटातून चालताना पाऊल जपून टाका.

प्रश्न : नदीसुरयाच्या अंड्यांचा रंग त्यांना तारक व मारक कसा ठरतो?