लेकरू शहरात शिकायला जातं तेव्हा

बारावीचा निकाल लागतो. घरी पेढे येतात. गुरुजी पाठ थोपटतात. मग एक प्रश्न उभा राहतो. कॉलेज मिळेल, पण लेकरू राहणार कुठं?

हा प्रश्न लहान नाही. राहायला जागा नाही म्हणून कितीतरी मुलांचं शिक्षण अडतं. मुलींचं तर फारच. मार्क असतात, हुशारी असते, पण आईबाप म्हणतात, "शहरात पोरीला ठेवायचं कुणाच्या भरवशावर?" आणि दप्तर खुंटीला लागतं.

हे दुःख जुनं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते ओळखलं होतं. खेड्यातल्या गरिबांच्या मुलांसाठी त्यांनी १९२४ साली सातारला वसतिगृह काढलं. तिथं सर्व जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिलं. नुसती शाळा काढून भागत नाही, मुलाला राहायला छप्पर आणि खायला भाकर लागते, हे त्या दोघांना कळलं होतं.

आज सोयी वाढल्या आहेत. पण त्या माहीत पाहिजेत.

जागा किती प्रकारच्या?

पहिली जागा कॉलेजच्या वसतिगृहाची. ती जवळ असते आणि बहुधा स्वस्तही असते. पण खोल्या थोड्या आणि मुलं फार. म्हणून कॉलेजचा अर्ज भरतानाच वसतिगृहाचा अर्ज मागा.

दुसरी जागा सरकारी वसतिगृहाची. समाजकल्याण आणि आदिवासी विकास खात्यांची वसतिगृहं आहेत. तिथं राहणं-जेवण फुकट असतं. तिथं जागा मिळाली नाही, तरी वाट बंद होत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांसाठी स्वयंम योजना आहे. इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नोंदणी झालेल्या मजुरांच्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. या योजनांचे पैसे मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. अटी आणि रकमा बदलत असतात. त्या वर्षीची माहिती कॉलेजात किंवा जिल्ह्याच्या कचेरीत विचारा.

तिसरी जागा सेवाभावी संस्थांची. पुण्याची विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून खेड्यातून आलेल्या मुलामुलींची सोय करते. इतर शहरांतही अशा संस्था आहेत. चौकशी करा.

चौथी जागा भाड्याच्या खोलीची. तिला हल्ली 'पीजी' म्हणतात. ती लवकर मिळते, पण खर्च जास्त.

पाचवी जागा नातेवाइकांच्या घरची. तिचा नीट विचार करा. एका घरातलं हे बोलणं ऐका.

"आबा, आत्याकडे नको."

"का गं? आत्या काय परकी आहे?"

"परकी नाही हो. पण दोन खोल्या आणि सहा माणसं. मी वाचू कुठं? अन् घरातली कामं टाकून पुस्तक घेऊन बसले, तर बरं दिसेल का?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरं आहे तुझं. राहायचं तुला आहे. चल, आपण दोघं जाऊन जागा बघू."

आबांनी बरोबर केलं. फुकटची जागा कधी कधी महाग पडते. आणि जिथं लेकराला राहायचं, तिथं त्याचं मत आधी घ्यावं.

जागा डोळ्यांनी पाहा

फोनवर फोटो पाहून पैसे धाडू नका. लबाड लोक दुसऱ्याच्याच खोलीचे फोटो दाखवतात आणि आगाऊ रक्कम घेऊन गायब होतात. स्वतः जा. मुलाला बरोबर न्या.

पाणी किती वेळ येतं? संडास-न्हाणी किती जणांत एक आहे? खिडकी आहे का? दाराला आतून कडी आहे का? रात्री वाचायला उजेड पुरतो का? कॉलेज किती लांब? संध्याकाळी तो रस्ता चालता फिरता असतो का? खानावळ कोणत्या वेळी बंद असते?

तिथं राहणाऱ्या मुलांना बाजूला घेऊन विचारा. मालक चांगलंच सांगणार. मुलं खरं सांगतील.

हिशेब वर्षाचा करा

समजा, महिन्याला भाडं ३,००० रुपये, डबा ३,००० रुपये, प्रवास आणि किरकोळ १,००० रुपये. महिन्याचे झाले ७,०००. दहा महिन्यांचे ७०,०००. शिवाय सुरुवातीला डिपॉझिट. आपल्या शेतकऱ्याचा पैसा सुगीला येतो. भाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं. म्हणून सुगीतच वर्षाची रक्कम बाजूला काढा. मग अध्येमध्ये सावकाराचं दार धरावं लागणार नाही.

सही करण्याआधी वाचा

पूर्वी कागद पुढं आला की आपण अंगठा उठवत होतो. आता तुम्हाला वाचता येतं. त्या विद्येचा इथं उपयोग करा. डिपॉझिट किती, ते कधी परत मिळणार, वीजबिल कुणी भरायचं, मधेच जागा सोडली तर काय, हे सगळं कागदावर आहे का, ते पाहा. "तोंडी ठरलंय की!" असं कुणी म्हटलं, तर म्हणा, "मग लिहून द्या."

खोली किंवा घर भाड्यानं घेतलं, तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. पैसे रोख द्या की मोबाइलवरून द्या, पावती मागा. पावत्या पिशवीत जपून ठेवा.

छळ सोसायचा नाही

काही ठिकाणी जुनी मुलं नव्या मुलांना छळतात. याला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं हा गुन्हा ठरवला आहे. तक्रारीसाठी देशभर एक फुकट फोन आहे : १८००-१८०-५५२२. तो लेकराच्या वहीत लिहून द्या. आणि त्याला सांगा, "काही झालं तर घरी लपवू नकोस. आम्ही रागावणार नाही." कायद्याइतकाच या शब्दांचा लेकराला आधार वाटतो.

निकालाची वाट पाहू नका

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, गुणपत्रक. गुणपत्रक सोडून बाकीचे कागद निकालाआधीच तयार ठेवा. तहसिलात दाखल्याला दिवस लागतात. अर्जाची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही. प्रत्येक कागदाच्या दोन-दोन नकला काढा.

सराव

१. नातेवाइकांच्या घरी मुलाला ठेवण्याआधी कशाचा विचार करावा?
२. खोली पाहायला गेल्यावर तुम्ही कोणते पाच प्रश्न विचाराल? वहीत लिहा.
३. तुमच्या घरी कोणकोणते दाखले तयार आहेत? कोणते काढायचे आहेत? दोन याद्या करा.
४. शेजारच्या घरी बारावीत शिकणारं मूल असेल, तर हा पाठ त्यांच्या घरी वाचून दाखवा.